आईने पाहिलेली गाठ

शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण घेत असताना माझ्या हातून झालेली एक चूक मी बरीच वर्षे कोणाला सांगितली नव्हती. बाह्यरुग्ण विभागात दुपारची गर्दी असताना एक बाई आपल्या अडीच महिन्यांच्या मुलाला घेऊन आल्या. मूल साडेसातव्या महिन्यात जन्मलेले, अंगाने किरकोळ, पण नीट दूध पिणारे होते. "रडला की हितं जांघेत लिंबाएवढी गाठ येती, आन् अंगावर घेतला की आपसूक जाती," असे त्या म्हणाल्या. मी तपासले तेव्हा मूल गाढ झोपलेले होते. दोन्ही जांघा सारख्या दिसल्या, बोटांना काही लागले नाही, म्हणून मी केसपेपरवर "गाठ आढळली नाही" असे लिहिले आणि पुन्हा दिसली तर या, असे सांगून त्यांना परत पाठवले. गाठ पुन्हा दिसली, ती तिसऱ्या रात्री, आणि त्या वेळी ती आत गेली नाही. मूल आमच्याकडे पोहोचले तेव्हा सहा-सात तास उलटून गेले होते, त्याला हिरवी उलटी झाली होती, पोट तटतटले होते आणि जांघेतली गाठ लालसर व दगडासारखी कडक झाली होती. माझ्या वरिष्ठांनी ती गुंगीच्या औषधाखाली हळूहळू आत बसवली आणि दोन दिवसांनी शस्त्रक्रिया केली. आतडे वाचले. परंतु वर्षभराने तपासणीसाठी मूल आले तेव्हा त्या बाजूची अंडग्रंथी दुसऱ्या बाजूच्या निम्मीही उरली नव्हती. त्या बाईंनी मला कधीही दोष दिला नाही, कारण पहिल्याच दिवशी त्यांचे म्हणणे पुरेसे होते, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मी ते सांगितलेही नाही.

आज बालशल्यचिकित्सक म्हणून काम करताना मी या विषयावर सविस्तर लिहिते आहे ते त्या केसपेपरवरील माझ्या तीन शब्दांमुळे. लहान मुलांच्या हर्नियाचे निदान बहुतेक वेळा डॉक्टरांकडे येण्यापूर्वी घरात, अंघोळ घालताना किंवा लंगोट बदलताना झालेले असते. आम्ही ते नीट ऐकून घेतो की नाही, एवढाच पुष्कळदा प्रश्न असतो.

हर्नियाला आपल्याकडे अंतर्गळ म्हणतात, आणि पोटातला एखादा अवयव पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून बाहेर गळणे हा अर्थ त्या शब्दात नेमका आलेला आहे. सुश्रुतसंहितेत वृद्धीचे जे सात प्रकार सांगितले आहेत त्यांत आंत्रवृद्धी स्वतंत्रपणे नोंदवलेली असून, मूत्रवृद्धी हा प्रकार तिच्यापासून वेगळा ठेवलेला आहे. आतडे उतरणे आणि पाणी भरणे हे दोन निराळे विकार आहेत, ही जाण त्या वर्गीकरणात दिसते. आजही पालकांना समजावून सांगताना मला याच भेदापासून सुरुवात करावी लागते.

मोठ्या माणसाचा हर्निया आणि मुलाचा हर्निया यांत मुळातच फरक आहे. वयस्क माणसात स्नायू सैल पडतात, वर्षानुवर्षे ओझे उचलल्याने किंवा खोकल्याने भिंत झिजते आणि मग तेथून पोट बाहेर येते. मुलाचे स्नायू चांगले असतात. गर्भात असताना मुलाच्या अंडग्रंथी पोटात, मूत्रपिंडांच्या खाली तयार होतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास जांघेतील नळीवाटे अंडकोशात उतरू लागतात. त्यांच्यासोबत पोटाच्या आतील अस्तराची एक बारीक पिशवीही खाली येते. ग्रंथी जागेवर पोहोचल्यावर या पिशवीचे तोंड मिटायला हवे. ते मिटले नाही आणि वाट रुंद राहिली तर आतडे उतरते आणि तो हर्निया होतो. वाट केसासारखी अरुंद राहिली तर पोटातील पाणी तेवढे झिरपते, आणि त्याला आपण हायड्रोसील म्हणतो. उजवी ग्रंथी डावीपेक्षा थोडी उशिरा उतरते, म्हणून उजव्या बाजूचे तोंडही उशिरा मिटते. शंभर मुलांपैकी साधारण साठ जणांचा हर्निया उजवीकडे, तिसांचा डावीकडे आणि दहांचा दोन्ही बाजूंना असतो. मुलींमध्येही ही पिशवी असते, परंतु हा विकार मुलांमध्ये कितीतरी पटींनी अधिक आढळतो. पूर्ण दिवसांच्या बालकांमध्ये हे प्रमाण शेकडा एक ते पाच आहे, तर फार लवकर व कमी वजनाच्या जन्मलेल्यांमध्ये ते शेकडा तीसपर्यंत जाते, कारण ती वाट मिटण्याआधीच त्यांचा जन्म झालेला असतो.

येथे एक गोष्ट मी ठासून सांगते, कारण तिच्यामुळे घरोघरी अन्याय होतो. मूल रडल्यामुळे हर्निया होत नाही. रडताना पोटातला दाब वाढतो आणि आधीपासून उघडी असलेली वाट दिसू लागते, इतकेच. "तू त्याला रडू दिलंस म्हणून झालं," असे सासरच्या माणसांकडून ऐकून घेतलेल्या कित्येक सुना माझ्यासमोर मान खाली घालून बसलेल्या मी पाहिल्या आहेत. अशा वेळी मी मुद्दाम आजी आणि आत्या यांनाही आत बोलावते आणि कागदावर ती नळी काढून दाखवते, म्हणजे घरी गेल्यावर पुन्हा त्याच आईवर खापर फुटत नाही.

निदानाची सुरुवात मी आता तीन प्रश्नांनी करते. गाठ नेमकी कुठे दिसते ते बोटाने दाखवा. ती केव्हा येते आणि केव्हा जाते? आणि शेवटी, तुमच्या मोबाइलमध्ये तिचा फोटो आहे का? हा तिसरा प्रश्न माझ्या प्रशिक्षणाच्या काळात अस्तित्वात नव्हता. आज ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईकडेही फोन असतो. रडणाऱ्या मुलाच्या जांघेचा दोन्ही बाजू दिसतील असा एक स्वच्छ फोटो पुष्कळदा सोनोग्राफीपेक्षा मोलाचा ठरतो. आईने जागा अचूक दाखवली, येणेजाणे व्यवस्थित सांगितले आणि फोटोत फुगवटा दिसला, तर माझ्या खोलीत मूल शांत झोपलेले असले तरी मी शस्त्रक्रियेची तारीख देते.

प्रत्यक्ष तपासणीलाही तिची रीत आहे. खोली उबदार हवी, हात गरम हवेत, आणि मूल आईच्या मांडीवर असले तर उत्तम. तान्ह्या मुलाचे पाय हलकेच सरळ धरले की ते रडते आणि गाठ पुढे येते. चार-पाच वर्षांच्या मुलाला उभे करून फुगा फुगवायला द्यावा, खोकायला सांगावे, नाहीतर दोन उड्या मारायला लावाव्यात. सर्वांत आधी दोन्ही अंडग्रंथी अंडकोशात आहेत ना, हे पाहावे लागते, कारण थंडीने किंवा भीतीने वर सरकलेली ग्रंथीही जांघेत गाठीसारखी लागते आणि नवख्या हातांची फसगत होते. गाठ मुळीच आली नाही तर नळीवरून बोट आडवे फिरवल्यास रिकाम्या पिशवीचे पदर एकमेकांवर घसरताना रेशमी कापड चोळल्यासारखे जाणवतात. ही खूण अनुभवी बोटांना उपयोगी पडते, पण निव्वळ तिच्या भरवशावर मी कोणाला टेबलावर घेत नाही.

हायड्रोसील ओळखताना पालकांचा सर्वाधिक गोंधळ होतो. त्याची सूज अंडकोशात असते, मऊ व न दुखणारी असते, दाबून चटकन आत जात नाही, आणि पुष्कळदा सकाळी लहान व दिवसभर खेळून संध्याकाळी मोठी होते. तिच्या वरच्या टोकाशी, जांघेच्या बाजूला, बोटे भिडवता येतात. हर्नियात तशी बोटे भिडत नाहीत, कारण गाठ थेट पोटातून आलेली असते. टॉर्च लावून प्रकाश आरपार दिसला म्हणजे पाणीच, असे पूर्वी शिकवत असत. तान्ह्या मुलाचे हवेने भरलेले पातळ आतडेही तसेच उजळून निघते, त्यामुळे केवळ उजेडावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. जन्मतः असलेले हायड्रोसील बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरते, म्हणून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत आम्ही वाट पाहतो. जांघेतला हर्निया मात्र आपोआप बरा होत नाही. तो कितीही लहान असो, कितीही सहज आत जात असो, त्याला शस्त्रक्रिया लागतेच.

मुलींच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. तान्ह्या मुलीच्या जांघेत बदामाएवढी, न दुखणारी, दाबूनही आत न जाणारी गाठ असेल तर पिशवीत बीजाशय उतरलेले असण्याची शक्यता मोठी असते. मूल रडत नाही म्हणून घरचे निश्चिंत राहतात, पण त्या अरुंद जागेत बीजाशयाला पीळ पडू शकतो, म्हणून अशा मुलीची शस्त्रक्रिया लांबवू नये. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. जांघेत हर्निया असलेल्या शंभर मुलींपैकी एखाद-दुसरीच्या पिशवीत बीजाशयाऐवजी अंडग्रंथी सापडते. तिची गुणसूत्रे मुलाची असतात, परंतु शरीर पुरुषी संप्रेरकांना (हार्मोन्सना) प्रतिसाद देत नसल्यामुळे तिची वाढ मुलगी म्हणूनच झालेली असते. दोन्ही बाजूंना हर्निया असलेल्या मुलीत ही शक्यता ध्यानात ठेवून शस्त्रक्रियेच्या वेळी बीजाशय किंवा बीजवाहिनी डोळ्यांनी पाहून खात्री करावी लागते. असे काही आढळलेच तर ते आईवडिलांना दाराशी उभ्याने सांगण्याची गोष्ट नव्हे. त्यासाठी स्वतंत्र वेळ, बंद दार आणि पुढची अनेक वर्षे साथ देणारे संप्रेरकतज्ज्ञ व समुपदेशक लागतात.

आता गाठ अडकण्याविषयी सांगते, कारण हर्नियाचा खरा धोका तोच आहे आणि पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत, तो सर्वाधिक असतो. बाहेर आलेले आतडे अरुंद तोंडाशी आवळले जाते, आधी त्यातून अन्न पुढे सरकणे थांबते, मग सूज चढते आणि शेवटी रक्तपुरवठा तुटतो. शेजारून जाणाऱ्या अंडग्रंथीच्या रक्तवाहिन्या त्या दाबाखाली आतड्याच्याही आधी चिरडतात, आणि माझ्या त्या लहानग्याच्या बाबतीत तेच घडले होते. घरच्यांनी लक्षात ठेवावे ते असे: मूल शांत होऊनही गाठ तशीच राहिली, ती कडक लागू लागली, हात लावताच मूल किंचाळले, त्यावरची कातडी लाल झाली किंवा उलटी झाली, तर त्याला काहीही न पाजता, उजाडण्याची वाट न पाहता, मुलांच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. उलटी हिरवी असेल तर एक मिनिटही दवडू नये. घरी गाठ जोराने दाबू नये, तेल लावून चोळू नये, शेकू नये. मेळघाटासारख्या भागात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलांच्या पोटाला तापलेल्या सळईने चटके देण्याची जी डंबा नावाची प्रथा अजून पुरती संपलेली नाही, तिची आठवण मला अशा वेळी होते. फुगलेल्या पोटामागे अडकलेला हर्निया असू शकतो, आणि लंगोट सोडून जांघ पाहिल्याशिवाय ते कळणार नाही. ही चूक अडाणीपणाची म्हणून सोडून देता येत नाही, कारण उलटीसाठी आलेल्या मुलाची जांघ न पाहताच औषध लिहून देणारे सुशिक्षित हातही मी पाहिले आहेत.

अडकलेली गाठ आत बसवणे हे घाईचे काम नाही. मुलाला वेदनाशामक व गुंगीचे औषध देतात, पलंगाची पायाकडची बाजू उंच करतात, एका हाताच्या बोटांनी पिशवीच्या मानेशी आधार देतात आणि दुसऱ्या हाताने खालून संथ, सलग दाब देत राहतात. पाच-सात मिनिटे काहीच घडत नाही, आणि मग एकाएकी गुरगुर असा आवाज होऊन गाठ हाताखालून निसटून आत जाते. तो आवाज ऐकण्यासारखे समाधान या पेशात थोडेच आहे. बहुतांश मुलांची गाठ अशी बसते, आणि मग सूज उतरण्यासाठी एक-दोन दिवस थांबून, मूल रुग्णालयातच ठेवून शस्त्रक्रिया करतात. आतडे काळे पडल्याची किंवा पोटात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणे असतील तर मात्र असा दाब देऊ नये, तत्काळ शस्त्रक्रियेलाच घ्यावे.

नियोजित शस्त्रक्रिया तुलनेने साधी आहे, निदान पाहणाऱ्याला तशी वाटते. जांघेच्या घडीत दोन-अडीच सेंटिमीटरचा छेद घेऊन ती पिशवी शोधायची, तिला चिकटलेली शुक्रवाहिनी व रक्तवाहिन्या अलगद सोडवायच्या आणि पोटाशी असलेल्या तोंडाजवळ ती बांधून टाकायची. तान्ह्या मुलात ही पिशवी ओल्या टिश्यू पेपरइतकी पातळ असते आणि शुक्रवाहिनी जाड दोऱ्याएवढी, म्हणून मुलांवर नियमित शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांनीच हे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्यांच्या हर्नियात बसवतात तशी जाळी येथे बसवत नाहीत. मुलाची भिंत मजबूत असते, फक्त वाट बंद करायची असते, आणि वाढत्या शरीरात जाळी ही अडचणच ठरेल. गावाकडे अजूनही कुणीतरी हर्नियाचा पट्टा आणून देतो. त्याचा काडीचाही उपयोग नाही, उलट पट्ट्याखाली आतडे दाबले जाते. दुर्बिणीद्वारेही हीच शस्त्रक्रिया होते. त्यात दुसऱ्या बाजूचे तोंड उघडे आहे का ते पाहता येते, हा फायदा आहे. एका बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर पुढे कधीतरी दुसऱ्या बाजूला हर्निया होण्याचे प्रमाण शंभरात सातच्या आसपास असते. त्यामुळे दुसरी बाजू सरसकट उघडून पाहण्याची जुनी पद्धत मला पटत नाही. पालकांना शक्यता सांगून ठेवली की ते लक्ष ठेवतात.

वैद्यकाच्या इतिहासात लहान मुलाच्या हर्नियाला एक मानाचे स्थान आहे, ते फार कमी जणांना माहीत असते. १७३५ साली लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात क्लॉडियस अमियँड या शल्यविशारदांनी अकरा वर्षांच्या एका मुलाचा हर्निया उघडला तेव्हा त्यात त्यांना अपेंडिक्स सापडले. मुलाने गिळलेली टाचणी त्यातून आरपार गेली होती. त्यांनी ते अपेंडिक्स कापून काढले, मूल वाचले, आणि अपेंडिक्स काढल्याची पहिली यशस्वी नोंद म्हणून आज ही शस्त्रक्रिया ओळखली जाते. जगाने भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक पाहिले ते १८४६ साली. म्हणजे त्या मुलाने हे सारे शुद्धीवर असताना सोसले.

भुलेविषयी विचारले नाही असे पालक मला अजून भेटलेले नाहीत, आणि त्यांची भीती रास्त आहे. भुलेचा कोवळ्या मेंदूवर परिणाम होतो का, या प्रश्नाचा एक महत्त्वाचा अभ्यास नेमका तान्ह्या मुलांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेवरच झाला आहे. सात देशांतील ७२२ बालकांपैकी काहींना पूर्ण भूल आणि काहींना जागेपणी केवळ कमरेखालचा भाग बधिर करणारी भूल देण्यात आली होती. पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तासाभराहून कमी वेळाच्या एका भुलेपुरते हे उत्तर आहे, आणि नेहमीचा हर्निया तेवढ्या वेळात होतो. पूर्वतयारीत उपाशी ठेवण्याच्या वेळा मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते: वरचे दूध व अन्न सहा तास आधी बंद, आईचे दूध चार तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. अर्ध्या रात्रीपासून तान्ह्या मुलाला कोरडे ठेवणे ही शिस्त नव्हे, तो छळ आहे.

अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा विचार निराळा करावा लागतो. भुलेनंतर त्यांचा श्वास मधेच थांबण्याची भीती असते. त्यामुळे गर्भधारणेपासून मोजून साठ आठवडे पूर्ण न झालेल्या अशा मुलाला मी शस्त्रक्रियेनंतर रात्रभर देखरेखीखाली ठेवते, मग घरच्यांना त्याच दिवशी जायची कितीही घाई असो. नवजात अतिदक्षता विभागात असतानाच हर्निया दिसला तर घरी जाण्यापूर्वी शस्त्रक्रिया करून टाकावी, असा बराच काळ प्रघात होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्या गटातील २८ टक्के बालकांना किमान एका गंभीर गुंतागुंतीला तोंड द्यावे लागले, तर आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजून पंचावन्न आठवड्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे प्रमाण १८ टक्के होते. मी हे वाचून माझी पद्धत काही अंशी बदलली आहे, पूर्णपणे नाही. उशीर करणे त्या घराला परवडते जे रुग्णालयापासून अर्ध्या तासावर आहे आणि जेथे अडकलेली गाठ ओळखणारे माणूस रात्रीही मुलाजवळ आहे. वाडीवस्तीवरच्या, शेवटची एसटी संध्याकाळी सहाला सुटते अशा घराला मी थांबा म्हणू शकत नाही.

आणि हे माझ्यासाठी कागदावरचे तत्त्व राहत नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे येतात. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस कामावर नाही म्हणजे खाडा, त्याचे पैसे कापले जातात. तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत नाहीतर कोपीत थोरल्या बहिणीपाशी असते. सात वर्षांच्या त्या बहिणीने "डॉक्टर, बाळाचं फुगतंय" असे सांगितले तेव्हा मी तिच्याकडूनच सगळा इतिहास विचारून घेतला, आणि तो अचूक होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा आणि शाळांमध्ये एकदा मुलांची तपासणी करतात. हर्निया सापडला तर शस्त्रक्रियेची मोफत सोय करून देतात. परंतु पथक गावात येते तेव्हा ही मुले शेकडो किलोमीटर दूर उसाच्या फडात असतात. म्हणून अशा घरांना "हंगाम संपल्यावर बघू" असे मी म्हणत नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे जमवून देण्यासाठी आमच्या समाजसेविका त्यांच्याबरोबर बसतात, शक्यतो आठवड्यातल्या एकाच फेरीत तपासण्या व शस्त्रक्रिया उरकतो, आणि टाके विरघळणारे घालतो, म्हणजे ते काढण्यासाठी आणखी एक खाडा पडत नाही.

बेंबीचा हर्निया मी एवढ्या उशिरा घेतला आहे, कारण तो दिसायला सर्वांत भयंकर आणि वागायला सर्वांत सौम्य असतो. नाळ पडल्यावर तिच्या जागेचे कडे पूर्ण आवळत नाही आणि रडताना बेंबी फुग्यासारखी वर येते. बहुतेक मुलांमध्ये हे कडे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत आपोआप बंद होते, आणि यात आतडे अडकणे अत्यंत विरळा. फुगवटा किती मोठा दिसतो याला महत्त्व नाही, आतल्या कड्याची रुंदी महत्त्वाची आहे. ती दीड सेंटिमीटरहून जास्त असेल तर आपोआप मिटण्याची शक्यता कमी होते. तरीही मुलाला त्रास नसेल तर मी चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत थांबते आणि त्यानंतरही कडे उघडे असेल तर बेंबीच्या खालच्या घडीत लपणारा छेद घेऊन ते शिवते. बेंबीवर फडक्यात गुंडाळलेले नाणे ठेवून पट्टी बांधण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तिच्यामागची माया मला कळते, पण त्या नाण्याखाली कातडी ओली राहते, सोलवटते, तिला पू होतो, आणि कडे मात्र आपल्याच गतीने मिटते. ते मिटल्यावर श्रेय नाण्याला जाते आणि पुढच्या बाळाच्या बेंबीवर पुन्हा नाणे बसते. बेंबी मोठी फुगलेल्या तान्ह्या मुलात आणखी एक गोष्ट मी न चुकता पाहते: कावीळ फार दिवस रेंगाळली आहे का, मूल सुस्त आहे का, शौचाला कोरडे होते का, जीभ जाड आणि रडणे घोगरे आहे का. असे असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी, कारण तेथे हर्निया ही किरकोळ बाब असते आणि मेंदूच्या वाढीसाठी वेळेत सुरू झालेले औषध ही मोठी.

मूल उठून बसू लागताना छातीपासून बेंबीपर्यंत जी उभी वरवंट्यासारखी फुगोटी दिसते ती हर्निया नसते. पोटाचे दोन स्नायू मधोमध थोडे दूर असतात, वाढीबरोबर ते जवळ येतात, आणि त्याला काहीही करावे लागत नाही. त्याच रेषेवर बेंबीच्या वर वाटाण्याएवढी, कधीकधी दुखणारी गाठ असेल तर मात्र तो खरा हर्निया असतो. भिंतीतल्या बारीक छिद्रातून आतली चरबी बाहेर आलेली असते, हे छिद्र सहसा आपोआप बुजत नाही आणि ते शिवावे लागते. या शस्त्रक्रियेची अडचण अशी की मूल भुलेखाली आडवे झाले, स्नायू सैल पडले, की गाठ दिसेनाशी होते आणि छिद्र नेमके कुठे आहे ते टेबलावर सापडत नाही. म्हणून सकाळी मुलाला आत नेण्यापूर्वी मी त्याला उभे करते, आईच्या हातात न पुसणारे पेन देते आणि गाठ जिथे दिसते तिथे खूण करायला सांगते. त्या खुणेवर मी छेद घेते.